मुदत नसलेलं पान

१

फ्रीजचा तळचा कप्पा रिकामा होता. त्यात रक्ताची पिशवी आहे, असं एक कागद म्हणत होता. ती पिशवी मी सोमवारीच जाळली, असं एक बाई म्हणत होती. आपल्याकडे अशा वेळी लोक कागदाचं ऐकतात. कागदाला तोंड नसतं, त्यामुळे तो खोटं बोलेल असं कुणाच्या मनातच येत नाही.

साल दोन हजार दोन. औषध निरीक्षक तृप्ती गांगुर्डे बुधवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या पंचधारा रक्तपेढीत पोचली, तेव्हा खटला चालून निकालही लागला होता. फक्त शिक्षा उरली होती. ती द्यायला आरोग्यछाया इस्पितळाचा व्यवस्थापक धनराज पगार सफारी घालून आला होता.

"मॅडम, ही बाई चोर आहे," त्यानं पेढीची तंत्रज्ञ मनीषा बेंडकुळे हिच्याकडे बोट केलं. "पिशवी विकली हिनं. पोलिसांना मी कळवणारच आहे."

"कळवा. पण चोर कोण ते मला ठरवू द्या," तृप्ती म्हणाली. "पेशंटचं बोला आधी."

पेशंट म्हणजे हरसूलच्या पुढच्या पाड्यावरची नवसाबाई भोये. मंगळवारी सकाळी बाळंत झाली. पोर धडधाकट, पण आईचं रक्त थांबेना. ऑपरेशन करायचं तर हाताशी रक्त हवं, आणि तिचा गट बॉम्बे. नाव मुंबईचं असलं तरी मुंबईतही शोधून सापडत नाही. हजारो माणसं तपासावीत तेव्हा एखादा निघतो. या गटाच्या माणसाला दुसऱ्या कुणाचंच रक्त चालत नाही. सगळ्यांना चालतं म्हणतात ते ओ गटाचंसुद्धा त्याला विष.

"डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंतची वेळ दिलीय," पगार म्हणाला. "आणि हे बघा."

त्यानं कागद पुढे केला. राज्यातल्या रक्तपेढ्यांची मिळून एक वेबसाइट पुण्याच्या एका संस्थेनं काढली होती. प्रत्येक पेढीच्या प्रत्येक गटाला वेगळं पान. पेढीनं आपला आकडा बदलायचा, जगानं तो पाहायचा. कागदावर छापलेलं पान म्हणत होतं: पंचधारा, नाशिक. बॉम्बे गट. शिल्लक: एक. आणि खालच्या कोपऱ्यात छापल्याची तारीख होती, मंगळवार संध्याकाळची.

"ही म्हणते सोमवारी जाळली. मग मंगळवारी संध्याकाळी पानावर कशी?" पगार म्हणाला. "जळलेली पिशवी राखेतून उठली का?"

कोपऱ्यातल्या बाकावर नवसाबाईचा नवरा गोटीराम बसला होता. रात्रभर तिथंच होता.

"सायबानं सांगितलं, जा, हाय तिथं," तो तृप्तीकडे न बघताच म्हणाला. "मी आलो. ही बाई म्हन्ती, नाय. येकानं हाय म्हनायचं, येकानं नाय म्हनायचं. मी कुनाचं ऐकू? माजी बायको तिकडं पांढरी पडली."

तृप्तीनं खुर्ची ओढली. पिशवी चोरीला गेली असेल, तर ती या गावात कुठं तरी आहे आणि संध्याकाळच्या आत काढता येईल. जळली असेल, तर मात्र काढायला काहीच उरलेलं नाही. चोर सापडावा, अशी प्रार्थना तिनं नोकरीत पहिल्यांदाच केली.

२

मनीषा रडत नव्हती. तृप्तीला ते आवडलं.

"पिशवी कुणाची होती?"

"घोटीच्या भातगिरणीतला केरू आहे ना, त्याची. वर्षातून तीनदा येतो. जिल्ह्यात आम्हाला ठाऊक असलेला हा एकच."

"त्याला आज बोलवा."

"पाच आठवड्यांपूर्वीच दिलंय त्यानं. तीन महिने घेता येत नाही, मॅडम. तुम्हीच मला नोटीस द्याल."

"देईन," तृप्ती म्हणाली. "जाळली का?"

"मुदत संपली रविवारी. पिशवीवर तारीख असते. सोमवारी सकाळी आल्याबरोबर बाहेर काढली, नियमाप्रमाणे जाळायला टाकली. दुपारी पानावरचा आकडा शून्य केला." ती थांबली. "पिशवी हातात घेऊन बराच वेळ उभी होते. एवढं दुर्मिळ रक्त, आणि पाच आठवड्यांत एकानंही मागितलं नाही."

"जाळताना दुसरं कुणी होतं?"

"नाही. मी एकटीच."

"हेच तर," पगार दारातून म्हणाला. "आणि समजा होती जुनी, एका दिवसानं काय आभाळ कोसळतं? दुधासारखं नासतं का ते?"

तृप्तीनं मान वळवली. "पगार, मुदत संपलेलं सलाइन लावल्यावर माणूस कसा थरथरतो ते मी पाहिलंय. तुम्ही बाहेर थांबा."

मनीषाचा संगणक टेबलावरच होता. तिनं पान उघडलं. पंचधारा, नाशिक. बॉम्बे गट. शिल्लक: शून्य.

"हे तू आज सकाळी केलं असशील."

"केलं असतं तर तुम्हाला कसं कळणार?" मनीषा शांतपणे म्हणाली. "नाहीच कळणार. म्हणून तर मी गप्प आहे."

तृप्तीनं वहिनीला विचारावं तसं विचारलं, "बाकीच्या गटांचं काय? तीही पानं तूच बदलतेस?"

"सगळी मीच. ओ पॉझिटिव्हचा आकडा दिवसातून दहा-बारा वेळा बदलतो. बॉम्बेचं पान महिना-महिना हलत नाही."

"आरोग्यछायात ओ पॉझिटिव्हचा आकडा कधी चुकला?"

"कधीच नाही. तिकडून ओ लागलं की माणूस येतो आणि पिशवी घेऊन जातो. आजवर तक्रार नाही." मनीषानं कपाळाला आठी घातली. "फक्त याच पानाचं असं कसं झालं?"

तृप्ती उठली. हा प्रश्न तिलाही पडला होता, आणि पोलिसांना तो पडला नसता.

३

आरोग्यछाया नाशिकरोडहून देवळाली कॅम्पकडे जाताना उजव्या हाताला आहे. रिक्षातून उतरताना गोटीरामनं चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच आत गेला. देवळात जावं तसा.

पगारनं आपल्या खोलीत संगणक चालू करून दाखवला. तृप्तीला छापलेला कागद नको होता, पडद्यावर काय आहे ते तिला स्वतः बघायचं होतं. पगारनं पान उघडलं.

शिल्लक: एक.

तृप्तीनं पडद्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. तासाभरापूर्वी हेच पान तिनं गंगापूर रोडला पाहिलं होतं. तिथं शून्य होतं.

"बघा," पगार म्हणाला. "अजूनही एकच. ती विसरली बदलायला. चोर एवढं विसरतोच."

"किंवा तुमच्या संगणकात तुम्ही काही तरी करून ठेवलंय. पेढीला फोन न करता त्या माणसाला बसमध्ये बसवून पाठवलंत, ती चूक झाकायला."

पगारचा चेहरा उतरला. फोन त्यानं केलाच नव्हता. "मॅडम, मला या डबड्यातलं छापण्यापलीकडे काही येत नाही. देवाशपथ."

ते खरं वाटत होतं. तरी ती जिना चढून डॉक्टर दीपमाला यांच्या खोलीत गेली. डॉक्टरांच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

"एक पिशवी मिळाली तरी मी सुरी लावते," त्या म्हणाल्या. "दोन कुठून मागू? पण एक तरी द्या."

"नवसाबाईचा गट तुम्हाला आधीपासून ठाऊक होता?"

"हो. महिन्यापूर्वी तपासणीत कळला. म्हणून तर सोमवारी सकाळीच मी सगळ्या पेढ्यांची पानं पाहून ठेवली होती. नाशिकला एक, बाकी सगळीकडे शून्य. म्हटलं, गावात एक आहे, चला, काळजी मिटली." त्या कडवट हसल्या. "काल दिवसभर पुन:पुन्हा पाहिली. तेच. नाशिक एक, बाकी शून्य."

"आत्ता पाहू."

डॉक्टरांच्या संगणकावरही तेच. शिल्लक: एक.

म्हणजे पगार सुटला. दोन खोल्या, दोन संगणक, आणि दोघांच्या तोंडी एकच खोटं. समोरच्या रस्त्यापलीकडे एक सायबर कॅफे होता. लष्करातल्या जवानांच्या बायका तिथं नवऱ्यांना ई-मेल पाठवायला येत. तृप्तीनं एका बाईला उठवून तिच्या खुर्चीत बसकण मारली आणि तेच पान उघडलं.

शून्य.

रस्ता ओलांडला की पिशवी जळालेली, परत आलं की पिशवी जिवंत. एकाच क्षणी, एकाच पानावर. ती बाई मागून म्हणाली, "ताई, झालं का तुमचं? माझे पैसे चाललेत." तृप्ती उठली.

पडद्यावरचं खोटं ना पेढीत होतं, ना पगारच्या खोलीत. ते वाटेत कुठं तरी बसलं होतं.

"तुमच्या इस्पितळातलं हे इंटरनेट कुणी बसवलं?" तिनं पगारला विचारलं.

"समर्थ कोठावदे. कॉलेज रोडला कॉम्प्युटरचा क्लास आहे त्याचा." पगारनं आवाज खाली केला. "मॅडम, एक सांगू? त्याचा आणि त्या मनीषाचा साखरपुडा झाला होता. मागच्या दिवाळीत तिनं मोडला."

४

समर्थ आला तो हेल्मेट काखेत घेऊन. तिशीचा, सटाण्याकडचा, बोलताना चष्मा वर ढकलायची सवय.

"साखरपुडा का मोडला?" तृप्तीनं पहिलाच प्रश्न विचारला.

त्यानं पगारकडे पाहिलं. "यांनी सांगितलं वाटतं. मोडला कारण माझ्या आईला तिनं नोकरी सोडलेली हवी होती. मनीषा म्हणाली, मी माणसांचं रक्त सांभाळते, तुमच्या आईचा स्वयंपाक दुसरं कुणीही सांभाळेल."

"राग आला असेल."

"आला की. माझ्या आईचा."

"इस्पितळातल्या दोन्ही संगणकांवरचं पान तुझ्या हातून जातं?"

"माझ्या हातून नाही. मशीनमधून."

"कुठलं मशीन?"

समर्थनं चष्मा वर ढकलला. "जिन्याखाली आहे. या इमारतीत जे पान येतं ते आधी त्याच्याकडे येतं. ते देईल तेच इथं दिसतं." तो थांबला, आणि आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. "म्हणजे, हो. यांना एक दाखवायचं आणि जगाला शून्य, हे नाशकात कुणाला जमलं असतं तर ते मलाच."

पगारनं मांडीवर थाप मारली. "झालं."

तृप्तीनं समर्थकडे पाहिलं. गुन्हेगार अशी कबुली देत नाही. पण नाकारलेला नवरामुलगा काय करेल याचा नेम नसतो, आणि घड्याळ थांबत नव्हतं.

"दाखव," ती म्हणाली.

५

जिन्याखाली जुन्या स्ट्रेचरांच्या मागे एक मळका डबा घरघरत होता. वर धूळ, पुढे दोन हिरवे दिवे. बाळंतिणींच्या खोल्यांकडे जाणारी सगळी माणसं त्याच्या डोक्यावरून वर जात होती.

"याला प्रॉक्सी म्हणतात," समर्थ म्हणाला. "कॉलेजात मित्राची हजेरी लावतात ना, तशी. तुम्ही पान मागितलं की हा पुण्याहून आणून देतो आणि एक प्रत स्वतःकडे ठेवतो. पुन्हा कुणी तेच मागितलं तर पुण्याला न जाता स्वतःकडचीच देतो. फोनची लाइन इथं इतकी मंद आहे की हा नसता तर एक पान यायला चहा पिऊन झाला असता."

"म्हणजे हा शिळं वाढतो."

"ताजं असेल तोवरच वाढतो. शिळं झालं की पुण्याला विचारतो."

"ताजं की शिळं हे ठरवतं कोण?"

"पाठवणारा. पानाबरोबर एक चिठ्ठी येते, पडद्यावर दिसत नाही ती. त्यावर लिहिलं असेल की हे अमुक वेळेपर्यंत चालेल, तर तेवढा वेळ चालवायचं. लिहिलं असेल की दर वेळी मला विचार, तर दर वेळी विचारायचं. साठवूच नको म्हटलं, तर साठवायचं नाही."

"मुदत," तृप्ती म्हणाली.

"हो, मुदतच."

ती स्ट्रेचरच्या कडेवर बसली. वीस वर्षं ती हेच करत आली होती. दुकानात शिरायचं, बाटली उलटी करायची, तारीख बघायची. तारीख नसली की बाटली जप्त. दुकानदार म्हणे, मॅडम, माल चांगला आहे हो, वास घेऊन बघा. ती म्हणे, माझं नाक कायद्यात बसत नाही.

"या पानांच्या चिठ्ठीवर मुदत आहे?"

समर्थनं काळ्या पडद्यावर काही टाइप केलं. पांढऱ्या ओळी धावल्या. तो वाचत गेला आणि त्याचा आवाज बारीक झाला. "नाही. पुणेकरांनी लिहिलेलीच नाही. फक्त पान शेवटचं कधी बदललं ते लिहिलंय."

"आणि मुदत नसेल तर तुझा हा डबा काय करतो?"

"अंदाज."

"थांब. कसा ते सांगू नकोस." तृप्तीनं हात वर केला. तिला आता मनीषाचं बोलणं ऐकू येत होतं. ओ पॉझिटिव्ह दिवसातून दहा-बारा वेळा. बॉम्बे महिना-महिना नाही. ओचं पान कधीच चुकलं नाही, चुकलं ते हेच एक. "जे पान सारखं बदलतं त्याच्यावर हा भरवसा ठेवत नाही. आत्ता बदललंय, परत बदलेल, चला विचारून येऊ, म्हणतो. आणि जे पाच आठवडे हललं नाही त्याच्याबद्दल म्हणतो, एवढे दिवस हललं नाही, आज कशाला हलेल. खरं की नाही?"

समर्थ तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं दुसरी फाइल उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "शेवटचा बदल होऊन जितका काळ लोटला, त्याच्या पाचव्या हिश्शाइतका वेळ पान ताजं समजायचं. कितीही झालं तरी तीन दिवसांच्या वर नाही. मॅडम, तुम्ही हे कुठं वाचलंत?"

"कुठंच नाही."

"मीसुद्धा आज पहिल्यांदा वाचतोय. मशीन आलं तसं लावलं. या ओळीला कधी हात लावला नाही."

पंखा घरघरत होता, दोन हिरवे दिवे मिचमिचत होते. तृप्तीच्या अंगावर काटा आला. गोदेच्या पात्रात जो दगड कैक वर्षं हलला नाही त्याच्यावर बायका बिनघोर पाय ठेवून धुणं धुतात. जो कालच गाळाबरोबर लोटत आला त्याला आधी टाचेनं चाचपतात. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आणि तीच अक्कल या धुळकट डब्यात होती. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात बसलेल्या, आपण कधी नाव ऐकणार नाही अशा माणसांनी ती एका ओळीत बसवली होती, आणि ती ओळ पाड्यावरच्या एका बाळंतिणीच्या डोक्याखाली तीन दिवस न झोपता विचार करत होती.

"नाशिकच्या पानाची प्रत यानं कधी उचलली?"

"सोमवारी सकाळी."

डॉक्टर दीपमालांनी पानं पाहिली तेव्हा. मनीषानं शून्य केलं ते दुपारी. मधल्या त्या फटीत पाच आठवड्यांचं जुनं पान आत आलं आणि पाटलासारखं बसलं. नंतर ज्यानं ज्यानं मागितलं, त्याला यानं आपली प्रत दिली. पगारनं ती छापली, आणि छापणाऱ्या संगणकानं खाली तारीख टाकली ती छपाईची, पानाची नव्हे.

"यानं जाऊन परत विचारावं, असं करता येतं?"

"येतं. कंट्रोल दाबून रिफ्रेश मारलं की कितीही ताजं वाटत असलं तरी याला पुण्याला जावंच लागतं."

पगारच्या खोलीत समर्थनं दोन बटणं दाबली. पान पांढरं झालं. फोनची लाइन कुथत राहिली. मग हळूहळू अक्षरं उमटली.

शिल्लक: शून्य.

तृप्ती पगारकडे वळली. "पिशवीवर तारीख होती. त्या पोरीनं तारीख पाळली, म्हणून ती चोर. पानावर तारीख नव्हती. तुम्ही ते वेदवाक्य मानलंत आणि एका बाईच्या नोकरीवर आणि अब्रूवर उठलात. एक फोन केला नाहीत. तुमच्या जागी एखादी बाटली असती तर मी ती कधीच जप्त केली असती."

पगार खाली बसला.

दारात गोटीराम उभा होता. तो कधीचा तिथं होता कुणास ठाऊक.

"म्हंजी चोरी झालीच नाय," तो म्हणाला.

"नाही, दादा."

"म्हंजी रगतबी नाय."

६

कोडं सुटलं की माणसाला बरं वाटतं म्हणतात. तृप्तीला वाटलं नाही. चोर नव्हता, पिशवी जळाली होती, केरूला देता येत नव्हतं, आणि वरच्या मजल्यावर एक बाई पांढरी पडत होती. आपण सकाळभर एका डब्याचं कौतुक करत बसलो, याचा तिला संताप आला.

"बाकीच्या पेढ्यांना फोन केले?" तिनं विचारलं.

"कशाला?" पगार कसंबसं म्हणाला. "सगळीकडे शून्य आहे. डॉक्टरांनी सोमवारी पाहिलं, काल पाहिलं. शून्य दिसल्यावर फोन कोण करतो?"

तृप्ती दाराशी पोचली होती. ती थांबली.

शून्य दिसल्यावर फोन कोण करतो. कुणीच नाही. आणि शून्य दिसत होतं ते कुठं? इथंच, याच इमारतीत, याच डब्यातून. बॉम्बे गटाची ती पानं महिनोन्‌महिने शून्यावर. एकही पिशवी आली नाही, एकही गेली नाही, कुणी हातच लावला नाही. गोदेच्या तळाचे दगड. या डब्याचा सगळ्यात जास्त भरवसा कुणावर असेल, तर त्या शून्यांवर.

"समर्थ," ती म्हणाली. "त्यानं 'आहे' तीन दिवस धरून ठेवलं. मग 'नाही' का नाही धरणार?"

समर्थचा चष्मा नाकावर घसरला होता; तो तसाच राहिला. त्यानं खुर्ची ओढली.

नगर. दोन बटणं. पान पांढरं झालं, लाइन कुथली. शून्य.

संगमनेर. शून्य.

ठाणे. पान अर्ध्यावर अडकलं. गोटीराम समर्थच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला होता. त्याला वाचता येत नव्हतं. तो पडद्याकडे न बघता समर्थच्या चेहऱ्याकडे बघत होता. शून्य.

जळगाव. शून्य.

धुळे.

पान पांढरं झालं. वरच्या मजल्यावर एक मूल रडायला लागलं. अक्षरं वरून खाली एकेक ओळ येत होती. पेढीचं नाव. गट. मग शिल्लक.

एक.

समर्थनं हात मागे घेतला, जणू पडदा तापला होता. तृप्तीनं पगारच्या टेबलावरचा फोन उचलला आणि पानावरचा नंबर फिरवला.

"शे ना ताई, एक पिशवी शे," पलीकडचा माणूस अहिराणी वळणानं म्हणाला. "कालच आली, सकाळी. शिरपूरकडचा एक ट्रक ड्रायव्हर देऊन गेला. लगेच पानावर टाकली मी. म्हटलं एवढी दुर्मिळ चीज, फोनांचा पाऊस पडेल. एकाचाही नाही."

"मुदत?"

"आता तर आली ताई. महिनाभर पुढची शे."

"बर्फाच्या पेटीत घालून निघा. मालेगाव, चांदवड, सरळ इकडे. आत्ता."

"जीप काढतो," तो म्हणाला. "पेढीतून गेली की पानावर शून्य करू ना?"

"करा," तृप्ती म्हणाली. "ते मात्र लगेच करा."

चारच्या सुमाराला जीप फाटकात शिरली. मनीषा आधीच येऊन बसली होती, नवसाबाईच्या रक्ताचा नमुना आणि आपल्या काचपट्ट्या घेऊन. डॉक्टर दीपमाला हातमोजे चढवून दारात, पगार पेटी घेऊन जिन्यात, सगळे एकदम "द्या, द्या" म्हणत होते. मनीषानं पिशवी हातात घेतली, उलटी केली, आणि त्या गोंधळात लेबलवरची तारीख ओठ हलवत शेवटपर्यंत वाचली. मग दोन्ही रक्तं जुळवून पाहिली. मगच पिशवी दिली. समर्थ जिन्याच्या कठड्याला टेकून हे बघत होता. तिनं जाताना त्याला एवढंच म्हटलं, "चष्मा वर कर, पडेल."

ऑपरेशन झालं. रक्त थांबलं. डॉक्टर बाहेर येऊन भिंतीला टेकल्या आणि तशाच खाली बसल्या. गोटीराम चपला हातात घेऊन उभा होता. त्यानं त्या खाली ठेवल्या आणि पायांत घातल्या. आत जायची परवानगी मिळाली तेव्हा त्यानं त्या पुन्हा काढल्या.

काचेतून तृप्तीला दिसत होतं. नवसाबाईचे ओठ अजून पांढरेच होते, पण तिची बोटं पोराच्या टाळूवर हलत होती. वर सळईला ती पिशवी टांगलेली, निम्मी रिकामी. शिरपूरच्या कुठल्या तरी ट्रकवाल्याचं रक्त हरसूलच्या बाईच्या हातात थेंबाथेंबानं शिरत होतं. त्यांची गाठ कधी पडली नव्हती, पडणारही नव्हती.

निघताना ती पगारच्या खोलीत डोकावली. खोली रिकामी होती, संगणक चालूच. तिनं खुर्चीत न बसताच धुळ्याचं पान मागितलं. तिनं मनात हिशेब केला होताच. बदल काल सकाळचा, म्हणजे एका दिवसाचा पाचवा हिस्सा. अजून थोडा वेळ तो डबा आपलंच म्हणणं रेटणार. पान झटकन आलं, लाइन कुथलीसुद्धा नाही.

धुळे. बॉम्बे गट. शिल्लक: एक.

वरच्या मजल्यावर थेंब पडत होते आणि इथं पिशवी अजून धुळ्यात होती. तृप्तीला राग आला नाही. कुणी मुदत सांगितली नाही म्हणून बिचारा अंदाजानं चालला होता, आणि बहुतेक वेळा बरोबरही येत होता. दोष लिहिणाऱ्यांचा. पुण्याच्या त्या संस्थेला ती उद्या जे पत्र लिहिणार होती त्यात एकही गोड शब्द नसणार होता.

तिनं समर्थनं दाबली होती तीच दोन बटणं दाबली. पान पांढरं झालं. जिन्याखाली डबा घरघरला. ती उभी राहून वाट बघत राहिली, तो जाऊन विचारून येईपर्यंत.